दिल्लीला धाडायचं स्थळ

१

चंपाबाईची घोंगडी चोरीला गेल्याची बातमी नळाला पाणी यायच्या आधीच सगळ्या वस्तीत झाली होती. लीलाबाई पोचली तेव्हा दारात बायकांची गर्दी होती आणि आत चंपाबाई पत्र्याच्या पेटीसमोर भिंतीला टेकून बसली होती. पेटी उघडी होती.

"कुलूप तोडलंय का?" लीलाबाईनं विचारलं.

"नाय. किल्ली माझ्या गळ्यात हाय. कुलूप व्हतं तसंच व्हतं. उघडून बघते तर घोंगडी नाय."

लीलाबाईनं वाकून पाहिलं. दोन लुगडी, बाबासाहेबांची तसबीर, कापडात गुंडाळलेलं एक ताट. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. लोकरीला कसर लागू नये म्हणून चंपाबाई तो घालत असे. पाला लुगड्यांवर नीट पसरलेला होता.

त्या घोंगडीला बाजारात कुणी फुटकी कवडी दिली नसती. जागोजागी होरपळलेली, एका कडेनं आकसून काळी गोळी झालेली. पण वस्तीत तिची कहाणी ठाऊक नसलेलं माणूस नव्हतं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांत बौद्धांची घरं पेटली. देवगाव रंगारीच्या पलीकडं खांबाळवाडी म्हणून गाव आहे. तिथं चंपाबाईचं घर पेटलं. नवरा कडुबा आतच जळाला. चंपाबाईला मात्र कुणीतरी ओल्या घोंगडीत गुंडाळून बाहेर ओढलं आणि अंधारात नाहीसं झालं. तोंड दिसलं नाही, असं ती अकरा वर्षं सांगत आली होती.

आणि आता लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिलेले खांबाळवाडीचे त्रिंबकराव गावोगाव सांगत होते, की तो माणूस मीच.

रविवारी त्रिंबकराव विहारात येणार होते आणि चंपाबाई त्यांना हार घालणार होती. वस्तीतल्या बायकांची मतं त्या हारापाठोपाठ जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. फक्त त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, घोंगडी कुणाच्या घरची ते ओळखायला ती एका जाणत्या बाईला दाखवायचं महिला मंडळानं ठरवलं होतं. आज शुक्रवार.

"पोलिसांत जाऊ," कुणीतरी म्हणालं.

"नगं माय," चंपाबाई घाईनं बोलली. "जुनं चिंधूक ते. गेलं तर गेलं."

लीलाबाई उठली. अकरा वर्षं जिच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही, ती घोंगडी तपासायची ठरली आणि गेली. चोर घोंगडीला भुलला नव्हता. त्याला तपासणीचं भय होतं.

२

तेव्हाचं औरंगाबाद आता सांगूनही खरं वाटणार नाही. भल्या पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या वाळूज, चिकलठाण्याकडं सुटायच्या आणि रस्त्याच्या कडेनं खेड्यांतून आलेली पोरं डबे घेऊन उभी असायची. माळावर रोज नवं धुराडं. हर्सूलच्या तळ्याकाठी मात्र अजून म्हशी बसायच्या, आणि तुरुंगाच्या भिंतीपलीकडची घंटा वस्तीला घड्याळासारखी पुरायची.

त्या वस्तीत लीलाबाईचा मान होता तो एका कामासाठी. नगरपालिकेच्या शाळेत ती शिकवायची, आता घरीच होती. पण कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की चौकशीला लीलाबाईच जायची. ती मुलाच्या घरी कधी थेट जात नसे. आधी त्याच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर, मग किराणा दुकानात, मग धुण्याच्या जागी. मुलगा कसा बोलतो हे ती विचारायची नाही. कुणाशी कसा बोलतो हे विचारायची.

निवडणूक लागली तेव्हा तीच मंडळात म्हणाली होती, "पोरगी द्यायची तर चार ठिकाणी विचारतो. दिल्लीला माणूस धाडायचा तर एकाही ठिकाणी नाही? पुरुष सांगतील तिथं शिक्का मारून यायचं?"

बायका हसल्या, पण कामाला लागल्या. एकेकीनं एकेक उमेदवार वाटून घेतला. माहेर, सासर, ओळखपाळख असेल तिथून माहिती आणायला सुरुवात झाली. आणि जे हाती आलं ते ऐकून लीलाबाईला रोज जेवणावरची वासना जायची. एकानं गायरान गिळलं होतं. एकानं विधवा भावजयीला घराबाहेर काढून तिच्या शेतात पेट्रोल पंप टाकला होता. एक तर म्हणे दर निवडणुकीला उभा राहायचा ते बसण्यासाठीच. बसायचं कुणाकडून काय घेऊन, तेवढं बदलायचं. पांढरे कपडे, कपाळाला टिळा किंवा गळ्यात निळा पंचा, जिथं जे लागेल ते. नासकं दूध भांडं बदलून पुन्हा पुन्हा समोर यावं तसं.

त्यातल्या त्यात त्रिंबकरावांची माहिती बरी आली. कन्नडला बहिणीकडं गेलेली सरूबाई त्यांची सभा ऐकून डोळे पुसत परतली होती.

"माय, काय बोलतो तो माणूस! म्हणला, नराधमांनी भायेरून कडी लावली व्हती. आत बाई वरडती. ह्या हातांनी म्या कडी काढली, म्हणला. आन् हात वर करून दाखवले. बाया हुंदके देत व्हत्या."

"आणि इतकी वर्षं कुणाला बोलला नाही?"

"तेबी सांगितलं. केलेलं बोलून दाखवायची सवय नाय म्हणला."

"मग आता कशी लागली?" लीलाबाईनं विचारलं होतं, आणि तिथूनच घोंगडी तपासायची गोष्ट निघाली होती. सभेतलं आगीचं बोलणं चंपाबाईच्या कानावर जाऊ नये, एवढं मात्र बायका सांभाळत होत्या.

३

शुक्रवारी दुपारी चंपाबाईचा मुलगा बन्सी पहिली पाळी संपवून आला. दंगलीच्या वेळी तो लहान होता, मावशीकडं शहरात शिकायला होता, म्हणून वाचला. आता वाळूजला एका कारखान्यात टेंपररी होता. लीलाबाईला दारात पाहून त्यानं सायकल भिंतीला लावली आणि तिथंच उभा राहिला.

"जयभीम, मावशी. माझ्यावर डाऊट हाय ना?"

"जयभीम. बस आधी. डाऊट सगळ्यांवर आहे. पेटीची किल्ली तुझ्या हाताला लागते की नाही?"

"आई झोपली तरी गळ्यातली किल्ली मुठीत धरून झोपते. विचारा कुणालाबी."

"कारखान्यात माणसं पुरवायचं काम त्रिंबकरावांकडं आहे म्हणतात."

बन्सीनं मान खाली घातली. "हाय. इलेक्शन झालं की परमनंट करतो म्हणलेत. त्यांच्या माणसानं सांगितलं, तुझ्या आईनं हार घातला की तुझं काम झालं समज."

"आणि ते तू आईला सांगितलंस?"

"सांगितलं. काहून नाय सांगायचं? चार वर्षं झाली, दर सहा महिन्याला काढतात आन् परत घेतात. कुत्रं पाळल्यासारखं." त्याचा आवाज चढला. "पण घोंगडी म्या काहून चोरू, मावशी? ती दिसली तर माझा फायदाच व्हता. त्रिंबकराव खरा हाय आसं समद्यांना पटलं आसतं."

"तुला तो खरा वाटतो?"

"वाटायला लावलंय," बन्सी म्हणाला, आणि आत निघून गेला.

त्रिंबकरावांचा तो माणूस म्हणजे सूर्यभान. खांबाळवाडीच्या धनगरवस्तीवरचा. मेंढ्या भावाच्या गळ्यात टाकून तो शहरात आला आणि त्रिंबकरावांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला शिकला. लीलाबाईनं त्याला चौकातल्या हॉटेलात गाठलं. समोर भज्यांची प्लेट, बगलेत पोस्टरांची गुंडाळी.

"या मावशी, या! अरे, एक चाय स्पेशल! घोंगडी हुडकताय म्हणं?"

"तुम्ही उचलली का?"

सूर्यभान खो खो हसला. "कायकू टेन्शन लेते, मावशी? आमाला ती पायजेच व्हती. रविवारी स्टेजवर चंपाबाईच्या हातात घोंगडी, सायबांच्या गळ्यात हार, फोटोवाला तयार. समदं जमलं व्हतं. आता नुसता हार. आमचा लॉस झाला."

"घोंगडी साहेबांचीच होती ना? मग दुसऱ्या कुणी ओळखली तर अडचण नव्हती."

हसू जरासं मागं गेलं. "सायबांच्या घरी धा घोंगड्या. कोनती उचलून पळाले, काय ठावं. असं बघा, मावशी. येक सांगतो, राग मानू नका. कुणी का काढलं आसंना भायेर. बाई जिती हाय, सायब मदत करायला तयार हाय. चौकशी कशाला? मत काय सोनं हाय का, कसाला लावायला?"

तो भजं खात होता आणि बोटांचं तेल पोस्टरावरच्या साहेबांच्या तोंडाला पुसत होता, हे त्याच्याही ध्यानात नव्हतं. लीलाबाईनं चहा तसाच ठेवला. पण बाहेर पडताना एक गोष्ट तिच्या मनात पक्की झाली होती. बन्सीला घोंगडी हवी होती. ह्यालाही हवी होती, आणि ती कुणाचीही निघाली तरी ह्याच्याकडं सबब तयार होती. दोघांनाही ती लपवून मिळणार काहीच नव्हतं.

मग ती नको कुणाला होती?

४

ज्या जाणत्या बाईला घोंगडी दाखवायची होती ती म्हणजे ह्याच सूर्यभानची बायको, बानाबाई. नवऱ्याची कमाई घरी क्वचित यायची, म्हणून तळ्याकाठी शेळ्या राखून दूध घालायची. लीलाबाई शनिवारी सकाळी गेली तेव्हा बानाबाई बाभळीचा डहाळा खाली ओढून शेळ्यांपुढं धरत होती.

"बानाबाई, घोंगडी बघून खरंच कळतं का, कुणाच्या घरची?"

"आता लोकं बाजारातून आणतात, त्यातलं नाय कळत," बानाबाई म्हणाली. "आमच्यात घरच्याच मेंढराची लोकर. कातरायची, पिंजायची आन् घरच्याच बाईनं चातीवर सूत काढायचं. मंग सणगराकडं इणायला. माझ्या सासूचं सूत जाड आन् उलट्या पिळाचं, डावरी व्हती ती. समद्या वस्तीत तसं सूत कुणाचं नाय. डोळं झाकून हात फिरवला तरी सांगन."

"म्हणजे चंपाबाईची घोंगडी हातात आली असती, तर तुम्ही घर सांगितलं असतं."

बानाबाईच्या हातातला डहाळा सुटून वर गेला. शेळ्या ओरडल्या.

"नाय घावली तेच बरं झालं," ती हळूच म्हणाली.

"का?"

"धनगराला शेत नसतं, मावशी. मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवायची, त्यावर पोट. गावानं रानं बंद केली की संपलं." तिनं शेळीच्या पाठीवर थाप मारली. "चल गं. येते, मावशी. दुधाचा टायम झाला."

"बानाबाई, हे चंपाबाईला ठाऊक आहे? हात फिरवून तुम्ही घर सांगू शकता, हे?"

बानाबाई थांबली, पण वळली नाही. "आमी एका गावच्या. तिनं माझ्या सासूला सूत काढताना बघितलेलं हाय."

५

चंपाबाईच्या घरी लीलाबाई गेली तेव्हा ती एकटीच होती. तिनं पाहुणीला बसायला गोधडी टाकली. लीलाबाई बसली आणि मांडीला काहीतरी टोचलं. तिनं गोधडीवरून हात फिरवला. वर मऊ झालेलं जुनं लुगडं, आणि त्यातून काटे यावेत तसं खरखरीत. कडेचा धावदोरा नवाकोरा पांढरा होता, बाकीची शिवण मळकी.

"चंपाबाई," लीलाबाई म्हणाली, "चोर पेटीत हात घालतो तेव्हा पाला उडवून टाकतो. तुमच्या पेटीतला पाला परत नीट पसरला होता. आणि कुलूप लावून गेला असा चोर मी पहिल्यांदा बघते."

चंपाबाईची नजर गोधडीच्या कडेवर गेली.

"घोंगडीवर बसलेय मी."

चंपाबाईनं पदर तोंडाला लावला. डोळे पुसले. मग ती म्हणाली, "बानाबाईच्या हाताला लागली आसती, तर नाव भायेर आलं आसतं. म्या त्याला वचन दिलंय."

"कुणाला?"

"भिकनला. सूर्यभानचा थोरला भाऊ. मागच्या अंगानं आला तो. आमचं घर काय, चार मेढी आन् तुराट्याचा कूड, वरून माती. कुऱ्हाडीनं कूड फोडला आन् मला वढलं. परत कडुबासाठी आत शिरत व्हता, तवर आढं पडलं." तिनं श्वास घेतला. "म्हणला, वैनी, माझं नाव कधी घेऊ नका. माझी मेंढरं ह्या घरं पेटवणाऱ्यांच्याच रानात बसत्यात. अकरा वर्षं म्या तोंड दिसलं नाय म्हणले."

"आणि आता दुसऱ्याला हार घालणार?"

"घालते. त्यात काय जातं? तो खोटं बोलतो, बोलू दे. समदेच खोटं बोलत्यात. भिकन सुखरूप ऱ्हातो, बन्सीचं काम व्हतं. त्रिंबकनं माझं काय वाईट केलंय? फुकटचा मोठेपणाच घेतोय ना?"

लीलाबाईला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. कोडं सुटलं होतं. पण मनात एक बारीक कुसळ राहिलं होतं.

"त्याला मागून कूड फोडावा लागला. पण तुम्ही दोघं दारातून का आला नाहीत?"

"दार उघडंना." चंपाबाईचा आवाज एकदम सपाट झाला. "कडुबानं खांदा दिला. लाथा घातल्या. भायेरून कडी घातलेली. तो दारापाशीच ऱ्हायला. तिथंच..."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुणालाच नाय. बन्सीलाबी नाय. बाप दाराशी कसा मेला हे लेकराला काय सांगायचं? पोलीस आले तर त्यांनी लिवलं, चुलीचा भडका. म्या बोलायला गेले तर म्हणले, गप बस, जीव वाचला ते बघ."

"भिकनला ठाऊक होतं?"

"तो मागून आला, मागूनच गेला. पुढचं त्यानं बघितलंच नाय. दार तर जळून आत पडलं, त्याच्यावर समदं घर."

लीलाबाई उठून दारात जाऊन उभी राहिली. बाहेर त्रिंबकरावांची जीप कर्ण्यातून ओरडत चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत लीलाबाईनं कर्ण्यातलं बोलणं ऐकलं. मग ती आत वळली.

"चंपाबाई," ती म्हणाली, "उद्या हार हातात घ्या. पण मी दोन प्रश्न विचारेपर्यंत गळ्यात घालू नका. भिकनचं नाव येणार नाही, हे माझ्याकडं लागलं."

६

रविवारी विहारासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या होत्या. बायका पुढं, पुरुष मागं, फोटोवाला मध्ये. त्रिंबकराव वेळेवर आले. उंच, राखलेल्या मिशा, आवाजात लाडिक घोगरेपणा. त्यांनी मूर्तीला हात जोडले आणि खुर्चीवर बसण्याआधी चंपाबाईकडं वळून म्हणाले, "माझी बहीण कशी हाय?" सूर्यभाननं टाळी वाजवली, मग बाकीच्यांनी.

लीलाबाई उभी राहिली. "साहेब, हार घालायच्या आधी थोडं विचारू का? आम्हा बायकांची खोड आहे. स्थळ कितीही चांगलं असो, चौकशी केल्याशिवाय पाट मांडत नाही."

हशा झाला. त्रिंबकरावही हसले. "विचारा की! दिल्लीशी लगीन हाय, चौकशी पायजेच."

"त्या दिवशी तुम्ही चंपाबाईला कुठून काढलंत?"

"घरातून."

"ते झालंच. पण घराच्या कुठून?"

"आता घराला काय धा वाटा असत्यात, मावशी? दारातून. आगीत उडी टाकली, घोंगडी टाकली आन् दारातून भायेर आणलं."

"एक कळत नाही बघा," लीलाबाई म्हणाली. "चार हातांचं घर. दार समोर. आग लागल्यावर ही दोन धडधाकट माणसं आपल्या पायानं बाहेर का नाही आली?"

"कशी येतील, माय?" त्रिंबकरावांचा आवाज सभेला चढतो तसा चढला. हात आपोआप वर गेले. "भायेरून कडी घातली व्हती नराधमांनी! लोखंडी कडी! ती म्या काढली, ह्या हातांनी!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सरूबाईनं डोळ्याला पदर लावला.

आणि चंपाबाईच्या हातातला हार खाली आला. तिनं तो सतरंजीवर ठेवला, उचलता येऊ नये इतका जड असल्यासारखा. ती त्रिंबकरावांकडं पाहत होती. इतकी वर्षं ज्याचं तोंड दिसलं नव्हतं तो दाराबाहेरचा माणूस तिला आत्ता दिसला होता.

"ती कडी कुणीच काढली नाय," ती म्हणाली.

टाळ्या विरल्या.

"ते दार उघडलंच नाय. कडीसकट जळालं. माझा नवरा त्याच्या मागं मेला. मला भायेर काढलं मागचा कूड फोडून. कुणी काढलं ते म्या सांगणार नाय, कापलं तरी नाय. पण दारातून कुणी आलं नाय आन् कुणी गेलं नाय."

"आई?" मागून बन्सीचा आवाज आला.

"साहेब," लीलाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज शाळेत असायचा तसा झाला, "तुमचा वाडा दगडी. भिंत फोडून माणूस काढता येतं, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरात कधी पाऊल टाकलं असतंत, तर कुडाचं घर काय असतं ते कळलं असतं. घरात दोन माणसं होती. एक मेलं, एक ह्या बसल्यात. ह्यांनी कडीची गोष्ट काल पहिल्यांदा तोंडातून काढली. तुम्ही ती पंधरा दिवसांपूर्वी कन्नडला सांगितलीत. दाराला कडी आहे हे आतल्याला कळतं, नाहीतर दाराबाहेर उभा असलेल्याला. तुम्ही आत नव्हतात."

त्रिंबकराव उठला. "हे विरोधकांचं... म्हातारीला पढवलंय..." तो इकडंतिकडं बघत म्हणाला. "गावात समद्यांना ठावं व्हतं कडीचं!"

"समद्यांना?" चंपाबाई म्हणाली. "मंग समदे दारातच व्हते म्हण की."

सूर्यभान जीपकडं जायला निघाला होता. तो मध्येच थांबला. मागचा कूड फोडायला कुऱ्हाड लागते, आणि बाभूळ छाटायची कुऱ्हाड त्या गावात कुणाच्या खांद्यावर असायची, हे त्याला सांगायला नको होतं. चंपाबाई त्याच्याकडं बघत नव्हती. तो काही न बोलता चालत निघून गेला, जीपमध्ये बसलाच नाही. त्यानं तोंड उघडलं नाही, तेवढं एक त्याच्या हातून चांगलं झालं.

७

सोमवारी चंपाबाई लीलाबाईला घेऊन पोलीस चौकीत गेली.

फौजदार तरुण होता, चहा पीत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आजी, घटना तिकडची. हद्द आमची नाही. त्यात अकरा वर्षं झाली. नोंद चुलीच्या भडक्याची आहे. आणि इलेक्शनच्या तोंडावर उमेदवारावर असलं काही घ्यायचं म्हणजे वरून फोन येतील. मतदान होऊ द्या, मग बघू."

"बसते," चंपाबाई म्हणाली, आणि भिंतीलगतच्या बाकड्यावर बसली.

ती रोज येऊन बसू लागली. हवालदार आधी ओरडले, मग चिडवायला लागले, "आजी, ड्युटीवर आल्या का?", मग पाणी द्यायला लागले. बाहेरून कर्णे जात. बन्सीला कामावरून काढलं; कारण कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. तो डबा घेऊन यायचा आणि आईशेजारी बसायचा. बाप कसा मेला हे त्यानं एकदाच विचारलं. तिनं तिथंच, हवालदारांसमोर, सगळं सांगितलं.

मतदानाच्या दिवशी ती सकाळी रांगेत उभी राहिली, शिक्का मारला आणि बोटाची शाई वाळायच्या आत बाकड्यावर येऊन बसली.

मोजणी झाली. त्रिंबकराव पडला. पण त्याला पडलेली मतं लीलाबाईनं रेडिओवर ऐकली आणि रेडिओ बंद केला. हजारो मतं होती. कडीची गोष्ट तालुकाभर झाली होती. ज्यांनी ऐकली, त्यातल्या किती जणांनी ऐकूनही त्याच्याच चित्रावर शिक्का मारला असेल? काही जणांनी तर त्यासाठीच मारला असेल. वस्तीत कुणीतरी पेढे आणले होते. तिनं घेतले नाहीत. पेढ्याला राखेचा वास येतोय असं तिला वाटलं.

तशीच ती चौकीत गेली. चंपाबाई होती तिथंच होती. निकाल लागून गेल्यामुळं फौजदाराचा चेहरा सैल होता. टेबलावर कागद, पेन.

"आजी, आता तो पडला की. मग आणखी काय पाहिजे?"

"तो पडला ते तुमचं दिल्लीचं झालं," चंपाबाई म्हणाली. "माझं कुठं झालं?"

तो लीलाबाईकडं बघायला लागला. लीलाबाईनं एक खुर्ची ओढली आणि चंपाबाईच्या बाजूला बसली. बन्सी दारातून आत आला आणि उभा राहिला. फौजदारानं थोडा वेळ वाट पाहिली, कुणी उठेल म्हणून. कुणी उठलं नाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"बोला. काय लिहू?"

"पयलं त्यांचं नाव लिवा," चंपाबाई म्हणाली. "मागच्या टायमाला तेच ऱ्हायलं व्हतं. कडुबा."